उद्याची इर्जिक

पहिल्याच भेटीत तिने मला "शा" म्हटलं, आणि संध्याकाळी मी संदीपला सांगितलं की त्या बाईंना आपण गुजराती वाटतो आहोत. आपण शहा नाही, माने आहोत, एवढं त्यांच्या कानावर घाल. संदीप दवाखान्यातून दमून आला होता. त्याने मान हलवली आणि विसरून गेला.

पुढे पाहते तर ती पोस्टमनलाही शा म्हणत होती. दुकानातल्या मुलीलाही शा. मला वाटलं, या गावात शहांची बरीच घरं असावीत. मग एक दिवस रस्त्यात एक लंगडा कुत्रा आडवा आला, तिने गाडी थांबवली आणि त्यालाही शा म्हटलं. त्याचं मात्र कोडं मला सुटेना.

शा म्हणजे बाळा, राजा, लाडके. हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी कितीतरी महिने मनातल्या मनात शहाबाई होऊन तिच्या शेजारी बसत होते.

तिचं नाव लिहीत नाही. तिला ते आवडलं नसतं. सगळा मुलूख तिला तांत म्हणायचा. तांत म्हणजे त्यांच्या भाषेत मावशी. मीही तांतच लिहिते.

अमेरिका म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं इथे काही नाही. हा लुइझियानाचा दक्षिणेकडचा भाग. सपाट जमीन, भाताची शेतं, आणि भात निघाला की त्याच पाण्यात झिंग्यासारखे लालभडक जीव पकडायचे पिंजरे. इथल्या लोकांचे पूर्वज फ्रेंच. म्हातारी माणसं अजून आपसात फ्रेंच बोलतात. बाहेरच्या देशातून आलेल्या डॉक्टरला अमेरिकेत राहायचं असेल, तर काही वर्षं अशा गावात काम करावं लागतं जिथे दुसरं कुणी जायला तयार नसतं. म्हणून संदीप इथे आला, आणि त्याच्या मागून मी. त्याचे मित्र क्युपर्टिनोला, मॉरिसव्हिलला. तिकडे गणपतीत ढोल वाजतात. फोनवर ते मला विचारायचे, "काकू, कसं हो राहता तिकडे? बोअर होत नाही का यार?" मी म्हणायचे, नाही रे बाबा, होत नाही. पहिले काही महिने ते खोटं होतं.

आमच्या गावात सगळं एकेक. डॉक्टर एक, औषधाचं दुकान एक, आगीचा बंब एक. बंबावरची माणसं पगारी नव्हेत. भोंगा वाजला की ट्रॅक्टर बांधावर सोडून धावत येतात. पुस्तकांची एक गाडी फिरते. आणि एक जेवणाची गाडी. चर्चच्या मागे एक सभागृह आहे, त्याच्या स्वयंपाकघरात रोज दुपारचं जेवण शिजतं, आणि ज्या म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्या दारात ते गरम गरम पोचतं. ती गाडी तांत चालवायची. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई. उंचीने एवढीशी, म्हणून खाली उशी घेऊन बसायची. लांबून पाहिलं तर गाडी आपली आपणच येते आहे असं वाटायचं.

आमची ओळख भेंडीने करून दिली. मी मागच्या अंगणात भेंडी लावली होती. एक दिवस ती गाडी रस्त्यात थांबली, तांत उतरली, कुंपणातून सरळ आत आली आणि शेंगा बोटांनी दाबून पाहू लागली. "गोंबो," ती म्हणाली. मी म्हटलं, भेंडी. तिने एक तोडून कच्चीच खाल्ली. मग माझ्याकडे बघून बरंच काही बोलली, त्यातलं मला फक्त शा ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी ती मागच्या दाराशी उभी. इथे ओळखीची माणसं पुढच्या दाराने येत नाहीत. तिने माझी भेंडीची टोपली उचलली, दुसऱ्या हाताने माझा दंड धरला आणि आम्हा दोघींना गाडीत घातलं. मी सुनेला हाक मारली, पण ती कानाला यंत्र लावून आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. अशी मी कामाला लागले. कुणी विचारलं नाही आणि मीही नाही म्हटलं नाही.

भेंडीवरून आमचं पहिलं भांडण झालं. आपण भेंडी धुऊन, पुसून, कोरडी करून चिरतो. तार येऊ नये म्हणून कोण जपणूक. आणि या बाईला तारच हवी. तिची भाजी पातळ, आमटीसारखी, तिलाही ती गोंबोच म्हणायची, आणि तारेनेच ती दाट होते. मी भेंडी पुसत बसले की ती फडकं काढून घ्यायची. मी दुसरं घ्यायचे.

गाडीतून दारोदार जाण्याची तिची एक रीत होती. जेवण उंबऱ्यावर ठेवून निघायचं नाही. दारावर टकटक करायची, मग "से म्वा, शा" अशी हाक मारायची, म्हणजे मी आहे गं, मी आहे रे. मग थांबायचं. आतल्या माणसाने स्वतः उठून, पाय ओढत का होईना, दार उघडेपर्यंत थांबायचं. किल्ली कुठे ठेवलेली असते हे तिला ठाऊक होतं, तरी थांबायची. दार उघडलं की आधी पायांकडे बघायची. पाय सुजलेत का, चपला उलट्या घातल्यात का. मग चेहऱ्याकडे. जेवणाचं सगळ्यात शेवटी. मी एकदा हाताने खूण केली की थंड होतंय. ती म्हणाली, "जेवण परत गरम करता येतं." आणि तशीच उभी राहिली.

एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना मी मस्यू म्हणते, म्हणजे आपलं राव. जन्मभर भातशेती केलेले, डोक्यावर कायम टोपी. त्यांना झटका आला आणि त्यात त्यांची इंग्रजी गेली. फ्रेंच तेवढी राहिली. संदीप म्हणाला, असं होतं कधी कधी, मागून शिकलेली भाषा जाते, आईची राहते. मस्यू एकटे राहायचे. समोर ताट ठेवलं तरी ते बघत बसायचे. तांत समोरची खुर्ची ओढून म्हणायची, "मॉंज." जेव. मग ते जेवायचे.

मीही तिच्या मागे मागे शब्द म्हणायला शिकले. गरम म्हणजे शो. आभार मानायचे तर मेर्सी. उद्या म्हणजे द्मँ. निघताना "अ द्मँ" म्हणायचं, उद्या येते. मला वाटायचं, माझी इंग्रजी सुधारते आहे. हसू नका. शाळेत मी चौथीपर्यंत गेले, तिथे इंग्रजी नव्हती. टीव्हीवरची इंग्रजी कळत नाही, संदीपच्या दवाखान्यातली कळत नाही, पण तांतची कळायला लागली, तेव्हा मला वाटलं की हीच खरी, सोपी, गावाकडची इंग्रजी.

एके दिवशी मी नात रियाला घेऊन दुकानात गेले. पैसे घेणाऱ्या मुलीला मी मोठ्या धीराने म्हटलं, "मेर्सी, शा. अ द्मँ." ती गोंधळली. माझ्या मागे रांगेत एक म्हातारा होता, त्याने मात्र टोपी काढून मला उत्तर दिलं. माझी छाती फुगली. बाहेर आल्यावर रिया म्हणाली, "आजी, दॅट्स नॉट इंग्लिश."

"मग काय आहे?"

"इट्स फ्रेंच. आमच्या स्कूलमध्ये मादाम शिकवतात."

रात्री जेवताना संदीप इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "आई, लोक याच्यासाठी क्लास लावतात. तू भेंडी चिरता चिरता शिकलीस." मी ताटातून मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी राहिले. तांत आलीच मागच्या दाराला. रिया शाळेतून आली होती, तिने आम्हा दोघींचं बोलणं इकडून तिकडे केलं. मला इंग्रजी शिकायची होती, मी चुकून हे शिकले, असं मी सांगायला लावलं. ते ऐकून तांत पायरीवर खालीच बसली. तिला वाटत होतं की मी मुद्दाम शिकते आहे. एवढ्या लांबून एक बाई आली, आणि सगळे इंग्रजीच्या मागे धावत असताना हिने आमची भाषा मागितली, असं तिने गावभर सांगितलं होतं.

तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग हसायला लागली. मग मीही. दोघींचे डोळे पुसून झाले तेव्हा तिने रियाला विचारलं, कुठल्या शाळेत जातेस. रियाने सांगितलं. तांत म्हणाली की लहानपणी ती त्याच शाळेत होती. पहिल्या दिवशी तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. तिने पाणी प्यायला जाऊ का, असं फ्रेंचमध्ये विचारलं, आणि बाईंनी तिला मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसवलं. मोठी झाल्यावर आपल्या मुलांशी ती घरात इंग्रजीच बोलली. त्यांच्या गुडघ्यांना काही होऊ नये म्हणून. आता ती मुलं दुसऱ्या राज्यात आहेत आणि फोनवर आईशी इंग्रजीत बोलतात.

रिया म्हणाली, "आम्हाला फ्रेंच बोललं की स्टार मिळतो." तांतने तिच्या गालावर हात ठेवला. म्हणाली, माझे स्टार कुठे राहिले म्हणून विचार त्यांना.

दुसऱ्या दिवसापासून मी परत गाडीत. आता काय शिकते आहे ते कळून शिकू लागले.

मग ते वादळ झालं. इथे वादळं होतात, लोक खिडक्यांना फळ्या ठोकतात आणि वाट बघतात. आमची घरं वाचली, पण सभागृहाच्या स्वयंपाकघरावरचं छप्पर एका बाजूने उघडलं. वरचा छताचा भाग ओला होऊन खाली आला. भिंती भिजल्या. जेवण बंद झालं.

मोठ्या शहरातल्या कचेरीतून एक माणूस आला. तसा भला माणूस होता, हळू आवाजात बोलायचा. तो म्हणाला, हे तांतने मला मागाहून समजावलं, की तात्पुरती सोय म्हणून आम्ही बर्फात गोठवलेले डबे पाठवू. आठवड्याचे सगळे एकदम. ज्याने त्याने घरच्या भट्टीत गरम करून घ्यायचे. पुढल्या सोमवारी तपासणीला येतो. तोवर स्वयंपाकघर नीट झालं तर ठीक, नाहीतर डबेच कायम ठेवू, तेही काही वाईट नसतात. तांतने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "डबा दारातून हाक मारेल का?" त्याला वाटलं ती विनोद करते आहे.

डबे आले. दोन-तीन दिवसांनी तांत मला घेऊन मस्यूंकडे गेली. त्यांचं फ्रीज उघडलं. एकावर एक डबे, जसे ठेवले तसे, एकालाही हात नाही. मस्यू खुर्चीत बसले होते, टोपी घालून, ओठ सुकलेले. त्यांनी तक्रार केली नाही. ते वाट बघत होते, एवढंच. तांतने एक डबा गरम केला, खुर्ची ओढली, मॉंज म्हटलं, आणि ते जेवत असताना खिडकीबाहेर बघत राहिली. बोटं टेबलावर आपटत होती. रागाने, मला वाटतं.

तिथून निघाल्यावर तिने गाडी घरी नेली नाही. दारोदार गेली. या वेळी जेवण द्यायला नाही. प्रत्येक दारात गाडीतूनच काही तरी भरभर सांगायची आणि पुढे निघायची. मला त्यातले दोनच शब्द कळत होते. एक गोंबो. आणि दुसरा, कू-द्मँ. कू काय ते माहीत नव्हतं, पण द्मँ मला पक्कं येत होतं. उद्या. उद्या गोंबो आहे, सगळ्यांनी या. माझा अर्थ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जाताना संदीपने मला सभागृहापाशी सोडलं. मी बरोबर भेंडीची मोठी पाटी घेतली होती आणि माझी विळी. तिथे चिटपाखरू नव्हतं. मी म्हटलं, येतील. ओल्या फरशीवर एक कोरडा कोपरा पाहून विळी मांडली आणि चिरायला बसले. वेळ जात होता. कुणी येत नव्हतं. मला तांतसाठी फार वाईट वाटायला लागलं. एवढी गावभर फिरली आणि एक माणूस आलं नाही. मी आणखी जोरात चिरू लागले.

तेवढ्यात तीच आली. दारातच थांबली. तिने विळी कधी पाहिली नव्हती, त्यामुळे आधी विळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, शा, शनिवारी आहे. आज शुक्रवार.

मी म्हटलं, "तू द्मँ म्हणालीस. द्मँ म्हणजे उद्या."

ती डोळे बारीक करून विचार करत राहिली. मग एकदम तिच्या ध्यानात आलं. तिने आपला पंजा माझ्यासमोर धरला आणि दुसऱ्या हाताने त्यावर चापट मारली. "मँ," ती म्हणाली. हात. कू-द-मँ म्हणजे हाताचा एक फटका. सगळ्यांनी येऊन एकाचं काम उरकून द्यायचं, पैसे घ्यायचे नाहीत, आणि ज्याचं काम आहे त्याने सगळ्यांना जेवू घालायचं.

मला ते कळलं आणि मी विळीवरून उठलेच. कारण हे मला ठाऊक होतं. माझ्या माहेरी माणदेशात याला इर्जिक म्हणतात. कुणाची पेरणी मागे पडली, कुणाचा बैल गेला, की सगळं गाव आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचं. दिवसात काम फत्ते. बायका बांधावर चुली मांडायच्या. लग्न झाल्यावर मी शहरात आले आणि तो शब्द तिथेच राहिला. कधी लागलाच नाही. मी तिला म्हटलं, "इर्जिक." तिला तो र काही केल्या जमेना. घशातून काढायची. इह्जिक, इह्जिक.

मग ती म्हणाली, आलीच आहेस तर. आम्ही दोघी मिळून छताचे ओले, पुठ्ठ्यासारखे झालेले तुकडे ओढून बाहेर टाकू लागलो. दोन म्हाताऱ्या, एकीच्या नऊवारीचा कासोटा खोचलेला, दुसरी गुडघ्यापर्यंत रबरी बुटांत. रस्त्यावरून बंबावरचा मुख्य माणूस चालला होता. त्याने गाडी थांबवली. हे उद्या होतं ना, त्याने विचारलं.

तांतने माझ्याकडे बोट दाखवलं. चेहरा अगदी गंभीर. "हिने आज ठेवलंय."

त्याने मला पाहिलं, मान लववली आणि फोन काढला.

दिवसभरात काय झालं ते तुम्ही पाहायला हवं होतं. भातवाले आले, पिंजरेवाले आले, कुणी फळ्या आणल्या, कुणी पत्रे, कुणी नुसत्या शिड्या. शाळा सुटल्यावर फुटबॉल खेळणारी दांडगी पोरं आली. आणि ज्यांच्या दारात आम्ही जेवण पोचवायचो ती माणसंही आली, हे मी कधी विसरणार नाही. शेजाऱ्यांनी त्यांना आणलं, खुर्च्यांसकट. झाडाखाली ओळीने बसवलं. त्यांनी कोळंबी सोलली, कांदे कापले. जे रोज दुसऱ्याच्या हातचं खात होते त्यांनी त्या दिवशी सगळ्या गावाचं जेवण केलं. मस्यूंच्या मांडीवर लसणीचं भांडं होतं. दोघी बहिणी होत्या, नव्वदीच्या, त्या सतत भांडायच्या. त्यांनी माझी विळी मागून घेतली आणि कोणी आधी बसायचं यावर भांडल्या. शेवटी एकीलाही खाली बसता येईना.

संदीप जेवणाच्या सुट्टीत आला, गळ्यातली नळी तशीच. सरळ शिडीवर चढला. तांतने खालून त्याच्या विजारीला धरून ओढलं. म्हणाली, तू उतर, तू पडलास तर आम्ही दुसरा डॉक्टर कुठून आणायचा. तो उतरला. त्याने फळ्या धरल्या, खिळे दिले. असा मुकाट्याने ऐकणारा संदीप मी घरी कधी पाहिला नाही.

गोंबो शिजला. मी भेंडी पुसलेली नव्हती. पुसायला वेळच मिळाला नाही. छान तार आली होती. तांतने पळीने ती उंच उचलून सगळ्यांना दाखवली.

अंधार पडायच्या आत छप्पर झालं. आणि शनिवारी, ज्या दिवशी सगळे येणार होते, त्या दिवशी सकाळपासून असा पाऊस लागला की शेतं आणि रस्ता एक झाले. शिडी लावणं सोडा, घराबाहेर पडता येत नव्हतं. मी खिडकीत बसून होते. तांत मात्र त्या पावसात सभागृहात जाऊन बसली होती, वर बघत. एक थेंब आत आला नाही. रविवारी आत भिंती झाल्या. सोमवारी तो माणूस आला, सगळीकडे हात लावून बघितलं, सही केली. मंगळवारी गाडी निघाली.

त्यानंतर तांतने गावभर सांगितलं की ही इह्जिक माझ्या शाने ठेवली होती. मी चुकून आले होते हे मी कितीदा सांगितलं. ती ऐकायची नाही. आणि एकदा हेही लिहूनच टाकते, की मला त्याचा अभिमान वाटला. अजून वाटतो.

पुढे तिच्या नजरेच्या मधोमध डाग पडला. गाडी चालवायची नाही, हे तिला संदीपनेच सांगितलं. ती त्याच्याशी पुष्कळ दिवस बोलली नाही. दवाखान्यात त्याच्यासाठी पाठवायची ती अंडीही बंद केली. मग एक दिवस ती आपली उशी घेऊन शेजारच्या जागेवर येऊन बसली. बंबावरचा माणूस गाडी चालवू लागला, मी मागे. त्याला फ्रेंच येत नव्हती. त्याच्या आईबापांनीही त्याच्या गुडघ्यांची काळजी घेतली होती. तेव्हा दारात मी जायचं ठरलं. पहिल्या दिवशी मला हाक मारायची लाज वाटली. मी टकटक केली आणि गप्प उभी राहिले. मागून गाडीची काच खाली झाली.

"शा, त्यांना काय कळणार कोण आलंय ते?"

मी हाक मारली. से म्वा. फार लहान आवाजात, पण मारली. काच खालीच राहिली. ती ऐकायची आणि मी परत आले की चुका सांगायची. पाय बघितलेस का, हेही विचारायची. तिला आता ते दिसत नव्हते.

मग गाडीत चढणंही होईना. आम्ही तिच्या दारात जाऊ लागलो. तिने एकदाही खाटेवर पडून जेवण घेतलं नाही. आमची वेळ झाली की व्हरांड्यात उभी, केस विंचरलेले. जेवणाचं झाकण काढायची, बोट बुडवून गरम आहे का बघायची, मग आज मीठ कुणी घातलं ते विचारायची. जेवण घेणारी ती नव्हेच. तपासणीला आलेली.

या हिवाळ्यात एका सकाळी ती उठली नाही. शेजारीण कॉफी घेऊन गेली तेव्हा कळलं. झोपेतच गेली होती.

सभागृहात बातमी आली तेव्हा भात चुलीवर होता. बायका रडत होत्या. बंबावरचा माणूस आत आला, टोपी हातात. आज बंद ठेवायचं का, असं त्याने विचारलं, आणि कसं कोण जाणे, सगळे माझ्याकडे बघू लागले. मी भात उतरवला आणि डबे मांडायला घेतले. मग बाकीच्याही उठल्या.

पहिल्या काही घरी फोन आधीच पोचले होते. दारं उघडीच होती. मला कुणी काही विचारलं नाही. नुसता हात धरला.

मस्यूंना कुणी फोन करत नाही. मी टकटक केली, हाक मारली, थांबले. ते आले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्यावरून गाडीकडे पाहिलं. "तांत?" त्यांनी विचारलं.

माझ्याकडे शब्द नव्हता. गरम होता, जेव होता, उद्या होता, पाय दुखतात का हा होता. हा नव्हता. तिने तो शिकवलाच नव्हता. दारात कधी लागला नव्हता. मी म्हटलं, तांत. आणि हाताने काही तरी खूण करायला गेले, पण कसली खूण करायची तेही कळेना. हात तसाच राहिला.

मग त्यांनी टोपी काढली. त्यांना मी टोपीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. "मोर्त," ते म्हणाले.

मी म्हणून पाहिलं. नीट आलं नाही. त्यांनी मान हलवली. पुन्हा म्हणाले, सावकाश, ओठ दिसतील असे करून. मी पुन्हा म्हटलं. मग त्यांनी आधी एक शब्द लावून सगळं वाक्य सांगितलं, ती गेली, असं, आणि मी ते बरोबर म्हणेपर्यंत ते दारात उभे राहिले. मग त्यांनी जेवण माझ्या हातातून दोन्ही हातांनी घेतलं, टेबलाशी गेले आणि बसून जेवू लागले.

पुढच्या घरी त्या दोघी बहिणी होत्या. त्यांना कानांनी कमी ऐकू येतं. मी व्हरांड्यात उभी राहून मोठ्याने, नीट सांगितलं.